खोली एक, माणसे दहा: मुंबईच्या चाळीत ‘स्वतःचा कोपरा’ कसा घडला?

१/
मुंबई, १९२० च्या दशकाचा आरंभ. गिरणीकामगार स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या एक महिला डॉक्टर एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरील खोलीत शिरल्या. खोली साधारण पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद. जमिनीवर सहा निरनिराळ्या चुली. म्हणजे सहा बिऱ्हाडे. चौकशीअंती लहानथोर मिळून तीस माणसे त्या खोलीत राहत असल्याचे निघाले. सहांपैकी तीन स्त्रियांचे दिवस भरत आले होते.

२/
या खोलीत बाळंतपणासाठी आडोसा कुठे करणार, असे डॉक्टरांनी सोबतच्या परिचारिकेला विचारले. परिचारिकेने जागा दाखवली: सुमारे तीन फूट बाय चार फूट. तेवढा तुकडा पडद्याने वेगळा करण्याची तेथे रीतच होती. एकशे ऐंशी चौरस फुटांतून बारा चौरस फूट, आणि तेही प्रसंगापुरते. हे निरीक्षण पुढे मुंबईतील कामगारवस्तीविषयीच्या लेखनात अनेकदा उद्धृत झाले. खासगी जागेचे इतके नेमके माप इतिहासात क्वचितच सापडते.

३/
ज्या एका खोलीत रांधणे, जेवणे, निजणे, आजारपण आणि पाहुणचार हे सारे होत असे, तेथे एखाद्याला वाचायला, विचार करायला, जोडीदाराशी चार शब्द बोलायला किंवा नुसते गप्प बसायला स्वतःची जागा कशी मिळत असेल? मुंबईच्या चाळींनी या प्रश्नाची उत्तरे पाऊणशे-शंभर वर्षे शोधली. ती उत्तरे आणि त्यांची किंमत हा या थ्रेडचा विषय.

४/
आधी पार्श्वभूमी. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. पुढील काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी, शिवडी या पट्ट्यात गिरण्यांची दाटी झाली. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून माणसे कामासाठी येत राहिली. त्यांच्यासाठी जमीनमालकांनी आणि काही गिरण्यांनी चाळी उठवल्या: ओळीने एकेक खोली, पुढे लाकडी कठड्याची सामाईक गॅलरी, टोकाला नळ आणि संडास. बहुतेक बिऱ्हाडांच्या वाट्याला एकच खोली येई.

५/
१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांकडे सरकारचे लक्ष गेले. १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते काढले आणि विस्थापितांसाठी स्वतःच्या चाळी बांधल्या. लोकांच्या तोंडी त्या ‘बीआयटी चाळी’ झाल्या. हवा आणि उजेड यांचा विचार येथे झाला. एका कुटुंबाला एक खोली हे माप मात्र बदलले नाही.

६/
१९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’, म्हणजे बीडीडी, अस्तित्वात आले. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) येथे मिळून २०७ चाळी आणि सुमारे साडेसोळा हजार खोल्या उभ्या राहिल्या. काँक्रीटच्या या चाळींत गॅलरीऐवजी मधोमध बोळासारखा मार्ग आणि दोन्ही बाजूंना खोल्या होत्या. खोलीचे क्षेत्रफळ साधारण १६० चौरस फूट.

७/
अशा खोलीत सामानाने भिंतीचा आणि छताचा आधार घेतला. भांडी फळीवर आणि मांडणीत, कपडे दोरीवर आणि खुंटीवर, कागदपत्रे व लग्नातले लुगडे ट्रंकेत, ट्रंक कॉटखाली. अंथरुणाच्या वळकट्या सकाळी कोपऱ्यात रचल्या जात. दाराजवळ किंवा खिडकीखाली मोरी. तिला गुडघाभर उंचीचा कठडा आणि गरजेला पडदा. जमीन शक्य तितकी मोकळी ठेवायची, कारण दिवसभरात तीच जमीन पाच वेळा वेगवेगळ्या कामाला लागे.

८/
पहाटे मोरीभोवतीची जागा स्त्रियांच्या अंघोळीसाठी, आणि तेवढा वेळ पुरुष गॅलरीत. नंतर तीच जमीन स्वयंपाकाची. दुपारी धान्य निवडण्याची, संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाची, रात्री पंगतीची आणि त्यानंतर शेजेची. चाळीतल्या माणसाला ‘माझी खोली’ म्हणता येत नसे. ‘माझी वेळ’ म्हणता येई. भिंतींनी जे साधले नाही ते घड्याळाने साधले.

९/
एकट्याने आलेल्या कामगारांच्या गाळ्यांत हा हिशेब आणखी काटेकोर होता. एकाच गावचे दहा-वीस पुरुष मिळून एक खोली भाड्याने घेत. प्रत्येकाची मालकी एका ट्रंकेपुरती आणि भिंतीवरच्या एका खुंटीपुरती. गिरण्यांत पाळ्या सुरू झाल्यावर निजण्याचीही पाळी ठरली: रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीवर निघालेल्याची जागा त्याची. उरलेले गॅलरीत, गच्चीवर किंवा फुटपाथवर पथारी टाकत. पावसाळ्यात ही सोय संपे आणि भांडणे वाढत.

१०/
जागा वेळेतून निर्माण करण्याचे सर्वांत बोलके उदाहरण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील आहे. निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ साताऱ्याहून मुलांना घेऊन मुंबईस आले आणि परळ भागातील डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. चरित्रकार धनंजय कीर यांनी त्या खोलीचे वर्णन केले आहे: सामानाने भरलेली, धुराने कोंदलेली, स्वयंपाकघर आणि अभ्यासिका दोन्ही तीच.

११/
धाकटे चिरंजीव भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते. खोलीत रात्री सर्वांना एकाच वेळी आडवे होण्यापुरती जागा नव्हती. रामजींनी तोडगा काढला. मुलाने लवकर झोपायचे. स्वतः त्यांनी रात्री दोन वाजेपर्यंत जागायचे. दोन वाजता मुलाला उठवायचे आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर आपण पाठ टेकायची. निजण्याच्या त्या जागेच्या उशाशी जाते आणि पायथ्याशी बकरी असे. मग दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात भीमरावांचे वाचन सुरू होई.

१२/
या व्यवस्थेकडे नीट पाहण्यासारखे आहे. रात्री दोन ते पहाट एवढाच त्या घरात अभ्यासिकेचा अवधी. खोलीचे क्षेत्रफळ एक इंचानेही वाढले नाही. वाढली ती शांतता, आणि ती एका वृद्ध पित्याच्या झोपेतून कापून काढलेली होती. या संपूर्ण इतिहासाचे सूत्र येथेच दिसते: एका खोलीत एखाद्याला मिळालेला कोपरा म्हणजे दुसऱ्याने सोडलेला कोपरा.

१३/
दिवसा मात्र खोलीत तेवढीही सोय नव्हती. म्हणून भीमराव शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. त्याच बागेत येणाऱ्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर या विद्वान शिक्षकांचे या वाचनवेड्या विद्यार्थ्याकडे लक्ष गेले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा झालेल्या सत्कारसभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले. पुढील शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे साहाय्य मिळवून देण्यातही केळुसकरांचा वाटा होता.

१४/
घरात जागा नसणे हे दारिद्र्याचे दुःख होते. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. बागेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला केळुसकर भेटले नाहीत. तरी एक गोष्ट स्पष्ट होते: चाळीतल्या मुलाच्या दृष्टीने शहरातील बाग, वाचनालय, पायरी आणि दिव्याचा खांब हे त्याच्या घराचेच विस्तारलेले भाग होते. शहराने ते खुले ठेवले, तरच त्याचे घर पुरे होई.

१५/
डॉ. आंबेडकरांचे पुढचे घर परळच्या बीआयटी चाळ क्रमांक १ मध्ये होते. तेथे दुसऱ्या मजल्यावर समोरासमोरच्या ५० आणि ५१ या दोन खोल्या त्यांच्याकडे होत्या: एकीत कुटुंब, दुसरीत ग्रंथ आणि लेखन. चाळीत राहणाऱ्या माणसासाठी दुसरी खोली ही मोठीच गोष्ट होती. डबक चाळीत जे अंतर घड्याळाने राखले होते, ते येथे दोन दारांमधल्या काही पावलांनी राखले. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेसाठी सभा भरली ती परळमधील दामोदर हॉलमध्ये.

१६/
पुस्तकांच्या त्या खोलीचा इतिहास समोरच्या खोलीशिवाय पुरा होत नाही. १९२० ते १९२३ या काळात आंबेडकर लंडनमध्ये असताना रमाबाईंनी तुटपुंज्या पैशांत संसार ओढला. पाच अपत्यांपैकी यशवंत तेवढे जगले. अभ्यासाची शांतता ज्यांनी सांभाळली, त्यांच्या वाट्याला शांततेची खोली आली नाही. १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभे राहिले. ग्रंथांना जागा मिळावी हा ते घर बांधण्यामागचा मोठा हेतू होता. रमाबाईंचे त्याच घरात २७ मे १९३५ रोजी निधन झाले.

१७/
दोन खोल्या ज्यांना परवडत नव्हत्या, त्यांच्यासाठी ‘बाहेर’ हीच दुसरी खोली होती. गॅलरी म्हणजे बैठक, जिना म्हणजे मित्रांचा अड्डा, गच्ची म्हणजे परीक्षेच्या दिवसांतील अभ्यासिका, चौक म्हणजे सभागृह. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. एकेका खोलीत न मावणारा समारंभ सगळ्या खोल्यांनी मिळून चौकात मांडला.

१८/
ही गरज ओळखून संस्थाही पुढे आल्या. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या ‘सोशल सर्व्हिस लीग’ने कामगारवस्तीत मोफत वाचनालये, फिरती ग्रंथालये आणि रात्रशाळा चालवल्या. व्यायामशाळा, भजनी मंडळे, कलापथके यांनीही तेच काम वेगळ्या रीतीने केले. दिवसभर यंत्राजवळ आणि रात्रभर गर्दीत असणाऱ्या माणसाला तासभर स्वतःच्या आवडीने बसायला एक सतरंजी मिळाली. गिरणगावची गाणी, पोवाडे आणि नाटके या सतरंजीवर वाढली.

१९/
येथे एक प्रश्न विचारणे भाग आहे: या बाहेरच्या खोल्यांत कोण बसत असे? जिन्यावर, वाचनालयात, व्यायामशाळेत प्रामुख्याने पुरुष आणि मुलगे. इंग्लंडमध्ये १९२९ साली व्हर्जिनिया वुल्फ यांचे ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखन करायचे तर स्त्रीला स्वतःचे उत्पन्न आणि स्वतःची खोली हवी, हे त्याचे प्रतिपादन. त्याच वर्षी हिंदुस्थानातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारा व्हिटले आयोग नेमला गेला. मुंबईतील कामगार स्त्रीजवळ उत्पन्न कित्येकदा होते. खोली मात्र कधीच तिची नव्हती.

२०/
चाळीतल्या स्त्रीने आपली जागा कामाच्या आडून मिळवली. नळावरची रांग, गच्चीवरचे पापड-कुरडयांचे वाळवण, दुपारी उंबऱ्यात बसून धान्य निवडणे: हात कामात असले की तिथे बसण्याचे कारण कुणी विचारत नसे. मनातले बोलणे याच वेळी होई. रिकाम्या हाताने बसलेल्या पुरुषाला ‘विसावा घेतोय’ म्हणत, आणि तशाच बसलेल्या बाईला ‘काम नाही का?’ असे विचारत. जागेचा इतिहास लिहिताना हा भेद विसरता येत नाही.

२१/
खाणावळवाल्या बाईची स्थिती याहून बिकट. एकट्या कामगारांना जेवू घालणारी ही स्त्री आपल्याच खोलीत चूल पेटवी. पाळी सुटेल तशी माणसे जेवायला येत. म्हणजे तिची खोली दिवसाचा बहुतांश वेळ दुसऱ्यांची भोजनशाळा. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने या स्त्रिया ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटित झाल्या. सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळू लागले. स्वतःच्या नावाचे खाते हा या बायकांच्या आयुष्यातला पहिला खासगी कोपरा होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

२२/
आडोशाच्या वस्तूंचाही इतिहास आहे. जुने लुगडे, तरट, बांबूची चटई, खोक्यांची फळकुटे. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात नागपाड्याजवळचा कावाखाना येतो: एकेका खोलीत दोन-तीन पोटभाडेकरू आणि मधे खोक्यांच्या लाकडांचे आडोसे. त्या आडोशातून आवाज, वास, भांडण, रडणे सारे पलीकडे जाई. आडोसा फक्त नजर अडवत होता. उरलेली खासगी जागा शेजाऱ्याच्या सभ्यतेवर अवलंबून होती: ऐकू आलेले ऐकले नाही असे वागणे, हा चाळीचा अलिखित नियम.

२३/
१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जवळजवळ गोठली. भाडेकरूंना संरक्षण मिळाले, पण खोली सोडणे परवडेनासे झाले. मुले मोठी झाली, सुना आल्या, खोली तीच राहिली. मग घरे वरच्या दिशेने वाढली. जुन्या चाळींतील खोल्यांची उंची चांगली असल्याने निम्म्या भागावर लाकडी पोटमाळा चढला. वर ताठ उभे राहता येत नसे. तरी शिडी ओढून घेतली की वरचा माणूस घरात असूनही एकटा होई. कॉलेजच्या मुलाची पुस्तके किंवा नवदांपत्याचा संसार आळीपाळीने येथे मांडला गेला.

२४/
नवविवाहितांची अडचण इतकी सार्वत्रिक होती की तिच्यावर चित्रपट निघाले. राजा ठाकूर दिग्दर्शित ‘मुंबईचा जावई’ (१९७०) आणि त्यावरून बासू चटर्जींनी केलेला हिंदी ‘पिया का घर’ (१९७२) यांचा सारा विषयच हा: भरल्या घरात नवराबायकोला दोन घटका एकान्त मिळत नाही. प्रेक्षक हसले, कारण बहुतेकांच्या घरी रात्री हीच कसरत चाले. कुणाला तरी गॅलरीत झोपायला जावे लागे, आणि का जावे लागते हे सर्वांना ठाऊक असूनही कुणी बोलत नसे.

२५/
१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावचे जग झपाट्याने विरले. आज चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर ठरले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ रहिवाशांना चाव्या मिळाल्या. तीन-तीन पिढ्या एका खोलीत काढलेल्या कुटुंबांना प्रथमच दार लावून घेता येईल अशी निजायची खोली मिळाली. चाळीच्या आठवणींनी हळवे होताना या दाराचे मोल कमी लेखू नये.

२६/
नव्या घरात मुलांच्या खोलीत भिंतीला दुमडणारे टेबल, पलंगाखाली कप्पे, खिडकीशी बसायला गादी असेल. ‘स्वतःचा कोपरा’ हा आता सजावटीचा विषय होऊ शकतो, ही प्रगतीच आहे. फक्त एक हिशेब लक्षात असावा. पडद्याआडचे बारा चौरस फूट, रात्री दोन वाजता रिकामी झालेली पथारी, गॅलरीत मुकाट निजायला गेलेला धाकटा दीर: मुंबईत प्रत्येक खासगी कोपऱ्यामागे कुणीतरी सरकून बसले होते. त्यांपैकी बहुतेकांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत. घरात जी जुनी माणसे अजून आहेत, त्यांना विचारावे: त्या खोलीत तुमची जागा कोणती होती?

(समाप्त)